दोन चाकांचे नवल : एका वाहनाची परीक्षा



नवीन वस्तू दिसली की तिच्याविषयी कुतूहल वाटावे, हा मनुष्यस्वभावच आहे. त्यातही ती वस्तू चाकांवर धावणारी असेल, तर मग विचारावयासच नको. उभ्याने चालवावयाची विजेची वाहने, पायाखाली धरून पळवावयाच्या दुचाकी पाट्या, घडी घालून हातात नेता येणाऱ्या स्कूटर अशी नाना प्रकारची वाहने अलीकडे बाजारात येत आहेत, आणि "आपल्याकडेही असे एक हवे" हा हट्ट घरोघरी ऐकू येत आहे. हा हट्ट पुरवावा की नाही, हा प्रश्न आईवडिलांच्या खिशाचा आहे, तसाच मुलांच्या सुरक्षिततेचाही आहे. यास्तव अशा वाहनांची परीक्षा कशी करावी, हे समजून घेणे अगत्याचे आहे. त्यासाठी या लेखात एका जगप्रसिद्ध वाहनाचे उदाहरण घेऊ. त्या वाहनाचे नाव सेगवे.

डिंडिम आणि वस्तुस्थिती

इ. स. २००१ च्या जानेवारी महिन्यात अमेरिकेतील वृत्तपत्रांत एक चमत्कारिक बातमी झळकली. डीन कामेन नावाच्या संशोधकाने एक गुप्त यंत्र तयार केले आहे आणि त्याने माणसाचे जीवन पालटून जाणार आहे, असे त्या बातमीत म्हटले होते. यंत्राचे टोपणनाव 'जिंजर' एवढेच लोकांना ठाऊक होते. ते काय असेल, याविषयी वर्षभर तर्कवितर्क चालले. पुढील शहरांची रचनाच या यंत्राच्या सोयीने केली जाईल, अशी भाकितेही वर्तविली गेली. अखेर ३ डिसेंबर २००१ रोजी पडदा दूर झाला. यंत्राला दोन चाके होती, पण ती सायकलीप्रमाणे एकामागे एक नसून शेजारी शेजारी होती. त्यांच्या मध्ये उभे राहण्यापुरती एक फळी होती, आणि फळीवरून वर आलेल्या दांड्याला धरण्यासाठी मुठी होत्या. पुढे झुकले की वाहन पुढे जाई आणि मागे झुकले की थांबे.

मोटारीने घोडागाडीची जी गत केली, तीच हे वाहन मोटारीची करील, असे खुद्द कामेन यांचे म्हणणे होते. आठवड्याला १०,००० वाहने खपतील, अशी त्यांची अपेक्षा होती. वस्तुस्थिती मात्र निराळी निघाली. सप्टेंबर २००३ मध्ये एका दोषामुळे विकलेली सर्व वाहने दुरुस्तीसाठी परत बोलवावी लागली, तेव्हा त्यांची एकूण संख्या अवघी सुमारे ६,००० असल्याचे उघड झाले. जुलै २०२० मध्ये उत्पादन बंद झाले तोपर्यंत जवळजवळ एकोणीस वर्षांत सुमारे १,४०,००० वाहनेच विकली गेली होती. म्हणजे आठवड्याला सरासरी दीडशेसुद्धा नव्हेत! 'नव्याचे नऊ दिवस' ही आपली म्हण इतकी तंतोतंत क्वचितच खरी ठरली असेल.

असे का झाले? यंत्रात बुद्धीचा तुटवडा होता म्हणून काय? मुळीच नाही. म्हणून प्रथम त्या यंत्राची करामत पाहू.

तोल कसा सांभाळला जातो ?

तळहातावर एक लांब काठी उभी धरून पाहा. काठी पुढे कलू लागली की तुम्ही नकळत हातही पुढे नेता. हात काठीच्या शेंड्याखाली जाऊन पोहोचला की काठी पुन्हा सरळ होते. सेगवेचे सारे रहस्य या खेळात आहे. काठीच्या जागी माणूस आणि हाताच्या जागी चाके अशी कल्पना करा. माणूस पुढे झुकला की चाके पुढे धावून त्याच्या भाराखाली जातात.

डोळ्यांनी पाहून हात हलविण्याचे जे काम आपण करतो, ते येथे जायरोस्कोपच्या तत्त्वावर चालणारे संवेदक, गणकयंत्र आणि विजेच्या मोटारी मिळून करतात. वाहन किती अंशांनी व किती वेगाने कलत आहे, हे संवेदक दर सेकंदाला अनेक वेळा मोजतात आणि त्या मापानुसार मोटारींना कमीअधिक जोर लावण्याची आज्ञा मिळते.

याचे थोडे गणितही करून पाहू. झुकाव तसाच कायम ठेवावयाचा असेल, तर चाकांचे त्वरण हे गुरुत्वीय त्वरण व झुकावाच्या कोनाचा स्पर्शक यांच्या गुणाकाराइतके असावे लागते. कोन ५ अंश असेल, तर त्याचा स्पर्शक ०.०८७ येतो. त्यास ९.८ ने गुणिले असता त्वरण दर सेकंदास सुमारे ०.८५ मीटर प्रतिसेकंद एवढे मिळते. सेगवेचा कमाल वेग ताशी सुमारे २० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर होता. तो गाठावयास अशा झुकावाने साडेसहा सेकंद पुरतात.

आता थांबण्याचा विचार करा. थांबावयाचे तर शरीर चाकांच्या मागे कलले पाहिजे, आणि शरीर मागे राहावे यासाठी चाकांना क्षणभर आणखी पुढे जावे लागते! म्हणजे हे वाहन थांबण्यापूर्वी किंचित पुढे धावते. १० अंश मागे झुकून थांबावयाचे म्हटले, तरी पूर्ण वेगात असताना सुमारे ९ मीटर अंतर लागते. शिवाय येथे तोल राखणारी शक्ती आणि वाहन चालविणारी शक्ती एकच आहे. बॅटरी क्षीण झाली आणि मोटारीला ऐनवेळी पुरेसा जोर लावता आला नाही, तर वाहन नुसते थांबत नाही, तर स्वाराला पाडते. २००३ साली वाहने परत बोलवावी लागली, ती याच कारणाने. सायकलीची साखळी निसटली तर आपण खाली उतरतो; येथे तशी सवड मिळत नाही.

पिपलानीच्या रस्त्यावर

आता हे वाहन कल्पनेने आपल्या पिपलानीत आणू. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स (इंडिया) लिमिटेड या सरकारी कंपनीची स्थापना झाली आणि भोपाळला कारखाना उभा राहिला. पुढे तिचा समावेश भारत हेवी इलेक्ट्रिकल्समध्ये झाला. त्या कारखान्याच्या कामगारांसाठी पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा अशा वसाहती वसल्या. नोकरीच्या निमित्ताने येथे आलेल्या कित्येक मराठी कुटुंबांच्या पिढ्या या आखीव रस्त्यांवर वाढल्या.

समजा, घरापासून कामाचे ठिकाण तीन किलोमीटर आहे. ताशी ५ किलोमीटर वेगाने चालल्यास ३६ मिनिटे लागतील. ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकल चालविल्यास १२ मिनिटे लागतील. सेगवेने पूर्ण वेगात, कोठेही न थांबता गेल्यास ९ मिनिटे लागतील. म्हणजे पायी चालण्याऐवजी सायकल घेतली तर २४ मिनिटे वाचतात, आणि सायकलीऐवजी सेगवे घेतली तर केवळ तीन.

या तीन मिनिटांची किंमत किती? आरंभी सेगवेची किंमत सुमारे ५,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने दोन लाख रुपयांहून अधिक होती. आपल्याकडे म्हणतात ना, चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला!

आणखी काही गोष्टी ध्यानात घ्या. आषाढ-श्रावणात भोपाळचे रस्ते पाण्याने भरतात आणि खड्डे पाण्याखाली दडतात. चाक जितके मोठे, तितका खड्डा सहज ओलांडला जातो. नेहमीच्या सायकलीचे चाक सुमारे ७१ सेंटिमीटर व्यासाचे असते, सेगवेचे सुमारे ४८. दप्तर, भाजीची पिशवी, दळणाचा डबा हे सारे सायकलीच्या दांडीवर वा कॅरिअरवर बसते. दूधवाल्याच्या तर मोठमोठ्या बरण्या सायकलीला लटकतात. उभ्याने चालवावयाच्या वाहनावर हे ओझे ठेवावे कोठे? वाटेत बिघाड झाला तर सायकल हाती धरून चौकातील दुकानापर्यंत नेता येते. सेगवेचे ३८ किलो वजन जिन्यावरून वर नेण्यास मात्र दोघे माणसे लागतील.

आणि ते चालवावयाचे तरी कोठे? मोटारींच्या मानाने ते फार मंद, तर पादचाऱ्यांच्या मानाने चौपट वेगवान! हा पेच पाश्चात्त्य शहरांनाही सुटला नाही. सॅन फ्रान्सिस्को शहराने तर २००२ सालच्या अखेरीस पदपथावर सेगवे चालविण्यास बंदी घातली. वाहन किती चांगले आहे हे त्याच्या वाटेवरही अवलंबून असते, हे आपल्या भोपाळने ओळखले होते. २०१७ साली येथे सुमारे ५०० सायकली भाड्याने देणारी स्वयंचलित योजना सुरू झाली, तेव्हा सायकलींबरोबरच त्यांच्यासाठी स्वतंत्र मार्गिका आणि ठिकठिकाणी थांबेही आखण्यात आले होते.

बेळगावची सायकल

येथे कोणी चतुर विद्यार्थी विचारील, "सायकलही एके काळी नवलाचीच वस्तू होती. ती कशी टिकली?" प्रश्न मोठा मार्मिक आहे.

१८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्कर आणि त्यांचे बंधू रामूअण्णा यांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. लक्ष्मणराव त्या काळी मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत शिक्षक होते. सायकल तेव्हा परदेशातून येई, सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर असे आणि ती विकावयाची तर गिऱ्हाइकाला चालवावयासही शिकवावे लागे. म्हणजे नवलाई, महागाई आणि अपरिचय या तिन्ही बाबतींत ती सेगवेची थोरली बहीणच होती.

तथापि सायकलीचे दोष एकामागून एक दूर होत गेले. पूर्वीच्या सायकलीचे पुढचे चाक पुरुषभर उंच असे आणि स्वार डोक्यावर आपटण्याचे भय असे. १८८५ साली इंग्लंडात स्टार्ली यांनी दोन सारख्या चाकांची, साखळीवर चालणारी 'रोव्हर' सायकल बनविली. १८८८ साली डनलॉप यांनी हवा भरलेली धाव तयार केली आणि हिसके कमी झाले. पुढे आपल्याच देशात कारखाने निघाले. मद्रासचा १९४९ साली, आणि लुधियान्याचा हीरो कारखाना १९५६ साली, म्हणजे भोपाळची हेवी इलेक्ट्रिकल्स स्थापन झाली त्याच वर्षी. किमती उतरल्या, सुटे भाग गावोगाव मिळू लागले आणि पंक्चर काढणारा कारागीर प्रत्येक वळणावर बसू लागला. सायकल लोकांची झाली, ती अशी.

सायकल ज्यांना चालण्यावाचून दुसरा उपाय नव्हता, त्यांच्या कामी आली. सेगवे मात्र ज्यांच्याजवळ सायकल, मोटार व सुखाने चालता येतील असे पदपथ होतेच, त्यांच्यापुढे ठेवण्यात आली. गरज नसलेल्याला दिलेले उत्तम उत्तरही वाया जाते.

मग ती बुद्धी वाया गेली काय ?

नाही. हे सांगितल्याशिवाय आपली परीक्षा न्यायाची होणार नाही. सेगवेपूर्वीच कामेन यांच्या संस्थेत 'आयबॉट' नावाच्या चाकांच्या खुर्चीचे काम चालू होते. तीत याच तोल सांभाळण्याच्या विद्येचा उपयोग केलेला आहे. ज्यांचे पाय चालत नाहीत असे लोक तीत बसून पायऱ्या चढू शकतात, आणि खुर्ची दोन चाकांवर उंच उभी राहिली म्हणजे समोरच्या उभ्या माणसाशी डोळ्याला डोळा भिडवून बोलू शकतात. ही खुर्चीही महाग असल्याने २००९ साली तिचे उत्पादन थांबले होते. काही वर्षांनी ते पुन्हा सुरू झाले. निरोगी माणसाची तीन मिनिटे वाचविणारी विद्या अपंगाला अख्खा जिना मिळवून देते. तिची खरी योग्यता तेथे कळते.

खुद्द सेगवेलाही आपली जागा सापडली. विमानतळांचे लांबलचक गुळगुळीत ओटे, मोठी गोदामे, पर्यटकांच्या सहली आणि पोलिसांची गस्त अशा ठिकाणी ती उपयोगी पडली. उंचीवर उभे असल्याने पोलिसाला गर्दीतून दूरवर दिसते, आणि थांबत थांबत जाताना पाय टेकावे लागत नाहीत. २०२० साली मुंबई पोलिसांनाही समुद्रकाठच्या गस्तीसाठी अशीच स्वतः तोल सांभाळणारी वाहने मिळाली. सपाट वाट, ठरावीक अंतर, शिकविलेला चालक आणि जवळच बॅटरी भरण्याची सोय, एवढे जुळले तेथे यंत्राने चोख काम केले.

चार प्रश्न

तात्पर्य, कोणतेही नवे वाहन पाहिले की चार प्रश्न विचारावे. पहिला, आज ज्या साधनाने आपण जातो, त्यापेक्षा याने नेमके काय आणि किती वाचेल? दुसरा, आपला रस्ता, आपला पाऊस आणि आपले ओझे यांना ते सोसेल काय? तिसरा, बिघडले तर दुरुस्त कोण व किती पैशांत करील? चौथा, आणि सर्वांत महत्त्वाचा, ते बिघडेल त्या क्षणी चालविणाऱ्याचे आणि शेजारून जाणाऱ्याचे काय होईल?

हा चौथा प्रश्न वडीलमंडळींनी विशेष लक्षात ठेवावा. सेगवेच्याच वंशातील, मुठीवाचून चालणाऱ्या दुचाकी पाट्या २०१५ च्या सुमारास मुलांत फार लोकप्रिय झाल्या. पण बॅटऱ्या पेट घेऊ लागल्याने जुलै २०१६ मध्ये अमेरिकेत सुमारे पाच लाख पाट्या परत बोलवाव्या लागल्या. खेळणे म्हणून आणलेली वस्तू घरात आग लावील, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते.

या चार प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर नव्या वाहनाचे आनंदाने स्वागत करावे. १८८८ साली बेळगावकरांनी सायकलीचे केले नसते, तर आपले नुकसानच झाले असते. परंतु उत्तरे मिळाली नाहीत, तर त्या यंत्रातील विज्ञान समजून घ्यावे, त्याच्या कर्त्याच्या बुद्धीचे कौतुक करावे, आणि सायकलीत हवा भरून शाळेची वाट धरावी.