आजीने राखलेला निखारा



२६ जुलै हा संत ज्योकीम व संत अन्ना यांचा सण. पवित्र मरियेचे हे आईवडील, म्हणजेच प्रभू येशूचे आजी-आजोबा. शुभवर्तमानांत त्यांची नावे आढळत नाहीत. ती प्राचीन परंपरेने आपल्यापर्यंत पोहोचविली आहेत. या सणाला धरूनच पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली आजी-आजोबा व वृद्धजनांचा जागतिक दिन सुरू केला. तो दरवर्षी जुलैच्या चौथ्या रविवारी पाळला जातो. त्यानिमित्त या वेळच्या अभ्यासलेखासाठी आम्ही ‘आजी’ हा विषय घेतला आहे.

परंतु विषय सुचला तो सणामुळे नव्हे. मागच्या पहिल्या शुक्रवारी आम्ही आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी घरोघर गेलो होतो. एका आजींनी ख्रिस्तप्रसाद घेतला, थोडा वेळ डोळे मिटून बसल्या आणि मग हळूच विचारले, “फादर, माझी नातवंडं आता मिस्साला येत नाहीत. माझ्याच शिकवण्यात काही कमी पडलं का हो?” आम्हांला अजून चार घरे गाठायची होती. “आजी, तुम्ही प्रार्थना करत राहा,” एवढे बोलून आम्ही निघालो. उत्तर चुकीचे नव्हते, पण पुरेसेही नव्हते. त्या आजींना द्यायचे राहून गेलेले उत्तर आम्ही आज येथे देण्याचा प्रयत्न करीत आहोत. कारण हा प्रश्न आपल्या धर्मग्रामातील पुष्कळ घरांत आहे, फक्त तो कुणी मोठ्याने विचारत नाही.

पवित्र शास्त्रातील एक आजी

नव्या करारात ‘आजी’ हा शब्द एकदाच आला आहे. तिमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या पहिल्या अध्यायात, पाचव्या ओवीत, संत पौल तिमथ्याच्या निष्कपट विश्वासाची आठवण काढतो. हा विश्वास आधी तुझी आजी लोईस हिच्या ठायी होता, मग तुझी आई युनीके हिच्या ठायी होता, आणि आता तो तुझ्यातही आहे, अशी त्याची खात्री आहे.

लोईसविषयी याहून अधिक काही लिहिलेले नाही. तिने कोणती सभा गाजविली नाही की कोणते पत्र लिहिले नाही. मात्र प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायावरून एवढे कळते, की तिमथ्याची आई विश्वास ठेवणारी यहुदी स्त्री होती आणि त्याचे वडील ग्रीक होते. म्हणजे ते घर एकाच श्रद्धेचे नव्हते. आजच्यासारखीच मिश्र विवाहाची अडचण तेथेही होती. तरीही तिमथ्याला बालपणापासून पवित्र शास्त्राची ओळख होती, असे पौल पुढे तिसऱ्या अध्यायात सांगतो. ती कुणी करून दिली असेल, हे ओळखणे कठीण नाही.

आजीचे नाव घेतल्यावर लगेच पुढच्या ओवीत पौल तिमथ्याला सांगतो, की तुला मिळालेले देवाचे दान पुन्हा चेतव. ‘चेतव’ हा शब्द महत्त्वाचा आहे. निखारा आधीच असेल तरच तो चेतविता येतो. आपल्यापैकी ज्यांनी चुलीची घरे पाहिली आहेत, त्यांना आठवत असेल, रात्री स्वयंपाक आटोपला की आजी निखारे विझवीत नसे. ती ते राखेखाली झाकून ठेवी. सकाळी राख बाजूला सारून फुंकर घातली की चूल पुन्हा पेटत असे. घरातील विश्वासाचेही असेच असते.

रोझा वासाल्लो : एका पोपची आजी

आता एका जवळच्या काळातील आजीचे जीवन पाहू. पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी, पुनरुत्थान सणाच्या दुसऱ्या दिवशी, देवाघरी गेले. आपल्या श्रद्धेचे मूळ सांगताना ते आपल्या आजीचे नाव पुन्हा पुन्हा घेत असत. रोझा मार्गारिता वासाल्लो हे तिचे नाव. तिचा जन्म १८८४ साली उत्तर इटलीत झाला. जोव्हान्नी बेर्गोलिओ यांच्याशी तिचा विवाह झाला व १९०८ साली मारिओ हा मुलगा झाला. पोप फ्रान्सिस यांचे वडील ते हेच.

रोझा फार शिकलेली नव्हती, पण देऊळ आणि घर एवढ्यापुरतीच ती राहिली नाही. ‘कॅथोलिक अ‍ॅक्शन’ या सामान्य भाविकांच्या चळवळीत ती काम करी, स्त्रियांपुढे व्याख्याने देई. इटलीत तेव्हा मुसोलिनीच्या फॅसिस्ट पक्षाची सत्ता होती आणि चर्चच्या संघटनांवर त्यांची वक्रदृष्टी होती. एकदा तिच्या व्याख्यानाचे सभागृहच बंद करण्यात आले. रोझा परत गेली नाही. तिने बाहेर रस्त्यावर उभे राहून भाषण केले.

पुढे कुटुंबाने अर्जेंटिनात जाण्याचे ठरविले. जोव्हान्नीचे भाऊ तेथे आधीच स्थायिक झाले होते. ‘प्रिन्चिपेसा माफाल्दा’ या बोटीची तिकिटे काढली होती, पण इटलीतील मालमत्ता वेळेत विकली गेली नाही म्हणून जाणे लांबले. ती बोट ऑक्टोबर १९२७ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ बुडाली व तीनशेहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. बेर्गोलिओ कुटुंब १९२९ साली दुसऱ्या बोटीने पोहोचले. दक्षिण गोलार्धात तेव्हा भर उन्हाळा होता, तरी रोझा अंगात फरचा जाड कोट घालून बोटीतून उतरली. कोटाच्या अस्तरात कुटुंबाची सारी पुंजी शिवलेली होती!

ती पुंजी टिकली नाही. १९३२ साली जागतिक मंदीत भावांचा धंदा बुडाला, मोठे घर विकावे लागले. एका धर्मगुरूंच्या मदतीने दोन हजार पेसो कर्जाऊ मिळाले. त्यातून कुटुंबाने ब्युनोस आयर्स शहरात किराणा दुकान घेतले आणि मारिओ सायकलवर टोपली ठेवून घरोघर माल पोहोचवू लागला. प्रेतवस्त्राला खिसे नसतात, असे रोझा म्हणत असे. ज्या बाईने सारे मिळविलेले व सारे गमावलेले पाहिले होते, तिच्या तोंडचे हे वाक्य म्हणजे पोकळ उपदेश नव्हता.

आजी काय शिकवून गेली?

१९३६ साली खोर्खेचा जन्म झाला. पाठोपाठ धाकटा भाऊ आला, तेव्हा आईचा भार हलका करण्यासाठी रोझा रोज सकाळी येऊन खोर्खेला आपल्या घरी नेई व संध्याकाळी परत आणून सोडी. त्या घरी तो प्रार्थना शिकला आणि आजी-आजोबांची पिएमोन्ते प्रांतातील बोलीही शिकला. तिच्याकडून त्याला मिळालेल्या चार गोष्टी आपण ध्यानात घेऊ.

पहिली गोष्ट, मृत्यू आणि पुनरुत्थान. शुभशुक्रवारी संध्याकाळी आजी नातवंडांना मेणबत्त्यांच्या मिरवणुकीला नेई. शेवटी मृत ख्रिस्ताची मूर्ती येई. आजी मुलांना गुडघे टेकायला लावी व सांगे, की हा आता मेलेला आहे, पण तो उठणार आहे. २०१३ साली पेन्टेकॉस्टच्या पूर्वसंध्येला रोममध्ये जमलेल्या भाविकांना ही आठवण सांगून पोप फ्रान्सिस म्हणाले होते, की ख्रिस्ताची पहिली घोषणा मी या स्त्रीकडून ऐकली.

दुसरी गोष्ट, इतरांविषयी आदर. खोर्खे चारएक वर्षांचा असताना रस्त्यात त्याला मुक्तिफौजेच्या दोन स्त्रिया दिसल्या. या सिस्टर आहेत का, असे त्याने विचारले. नाही, त्या प्रोटेस्टंट आहेत, पण चांगल्या आहेत, असे आजीने सांगितले. त्या काळी परपंथीयांविषयी असे बोलणारे थोडेच होते. आपली श्रद्धा घट्ट असणे म्हणजे दुसऱ्याच्या श्रद्धेला नावे ठेवणे नव्हे, हा धडा त्या एका वाक्यात होता.

तिसरी गोष्ट, मोकळीक. आमच्या मते ही सर्वांत महत्त्वाची. तरुण खोर्खेने धर्मगुरू होण्याचा निर्णय सांगितला, तेव्हा आईला तो पचला नाही. आजीने मात्र, देव बोलावत असेल तर त्याचा धन्यवाद असो, असे म्हणून पुढे सांगितले, की घराचे दार तुझ्यासाठी सदैव उघडे आहे. परत यावेसे वाटले तर तुला कुणी बोल लावणार नाही. नातू धर्मगुरू व्हावा ही तिची इच्छा असणारच. तरी तिने त्या इच्छेची बेडी त्याच्या पायात घातली नाही.

चौथी गोष्ट, दुःखातील आधार. नातवंडांसाठी तिने काही ओळी लिहून ठेवल्या होत्या. तुम्हांला दीर्घ व सुखी आयुष्य लाभो. पण आजार, दुःख वा प्रिय माणसाचा वियोग वाट्याला आलाच, तर पवित्र साक्रामेंतापुढे टाकलेला एक सुस्कारा आणि क्रुसाखाली उभ्या असलेल्या मरियेकडे टाकलेली एक नजर खोल जखमेवरही मलम लावू शकते, अशा आशयाच्या त्या ओळी आहेत. १३ डिसेंबर १९६९ रोजी खोर्खेला गुरुदीक्षा मिळाली. ती पाहायला रोझा हयात होती. १९७४ साली तिचे निधन झाले. तिने लिहिलेले ते कागद पोप झाल्यावरही फ्रान्सिस आपल्या प्रार्थनापुस्तकात ठेवीत असत.

बुद्धी आणि सवय

सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. देवाचे अस्तित्व दाखविणारे संत थॉमस अक्वायनस यांचे पाच मार्ग पाठ केले, त्यांवर परीक्षा दिल्या. ते मार्ग मोलाचे आहेत. पण ते वाचून आम्ही विश्वास ठेवू लागलो, असे म्हटले तर ते खोटे ठरेल. त्या आधीच कुणीतरी आमचा हात धरून कपाळावर क्रुसाची खूण करायला शिकविले होते. सद्गुण व्याख्यानाने येत नाही, लहानपणापासूनच्या सवयीने येतो, हे अ‍ॅरिस्टॉटलने प्रभू येशूच्या जन्माच्या तीनशेहून अधिक वर्षे आधी सांगितले होते. बुद्धी विश्वासाला प्रकाश देते, पण निखारा बहुधा घरातूनच येतो.

म्हणून त्या आजींच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे : आजी, तुमच्या हाती निखारा राखणे होते, आणि ते तुम्ही केले. तो पेटणे केव्हा, कसे, हे देवाच्या आणि त्या मुलांच्या हाती आहे. राख दिसते म्हणून निखारा विझला असे समजू नका. मुलांना टोमणे मारू नका, दारही लावून घेऊ नका. रोझाने उघडे ठेवले तसे ते उघडे ठेवा. आज ना उद्या एखाद्या दवाखान्याच्या बाकावर, एखाद्या रिकाम्या संध्याकाळी तुमच्या नातवाला तुमची जपमाळ आठवेल. तेव्हा फुंकर घालणारा पवित्र आत्मा आहे.

आपल्या धर्मग्रामासाठी

आता थोडे आमच्याविषयी. आपल्या धर्मग्रामातील वृद्धांची एक यादी आमच्या कार्यालयात आहे. ‘ख्रिस्तप्रसाद घरी द्यावयाचे भाविक’ असे तिच्यावर लिहिले आहे. हा लेख लिहिताना आमच्या ध्यानात आले, की या यादीत आपण वृद्धांना केवळ घेणारे मानले आहे. त्यांच्याकडून काही घ्यावे, हे आम्हांला सुचलेच नाही. धर्मशिक्षणाचे वर्षाचे नियोजन झाले, तेव्हा तरुण शिक्षकांना बोलावले, पालकांना बोलावले. एकाही आजीला बोलावले नाही. ही चूक आमची आहे.

रोझाने नातवाला सांगितलेली एक गोष्ट पोप फ्रान्सिस यांनी मार्च २०१५ मध्ये सांगितली होती. एका घरात आजोबांचे हात कापत, जेवताना अन्न सांडे. मुलाने त्यांचे पान वेगळ्या मेजावर, स्वयंपाकघरात मांडायला सुरुवात केली. काही दिवसांनी त्याचा लहानगा लाकडे ठोकताना दिसला. काय करतोस, असे विचारल्यावर तो म्हणाला, “बाबा, तुमच्यासाठी मेज करतोय. तुम्ही म्हातारे व्हाल तेव्हा लागेल.” मुले आपले प्रवचन ऐकत नसतील, पण आपले वागणे ती अगदी नीट पाहतात.

यापुढे प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या वर्गातील प्रत्येक मुलाने महिन्यातून एकदा आपल्या किंवा शेजारच्या आजी-आजोबांजवळ बसून एक प्रार्थना व त्यांच्या आयुष्यातील एक आठवण ऐकून यावे, असे आम्ही ठरविले आहे. जे घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांच्याकडे दर महिन्याला आजारी, परीक्षार्थी व परदेशी गेलेल्यांसाठीच्या प्रार्थनांचा कागद आम्ही स्वतः नेऊन देऊ. हे आम्ही दयेपोटी करीत नाही. आपल्या धर्मग्रामाला त्यांची गरज आहे. आणि पुढच्या पहिल्या शुक्रवारी त्या आजींच्या घरी आम्ही घाई न करता बसणार आहोत.

घरी चिंतनासाठी

१. मला पहिली प्रार्थना कुणी शिकविली? त्या व्यक्तीचे मी कधी आभार मानले का?
२. आपल्या घरी रोझरीच्या वेळी आजी-आजोबा आपल्यात असतात, की आपण दुसऱ्या खोलीत असतो?
३. श्रद्धेपासून दूर गेलेल्या मुलासाठी आपल्या घराचे दार उघडे आहे का?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तूही आजीचा नातू होतास. ज्यांनी आम्हांला तुझे नाव घ्यायला शिकविले, त्या सर्व आजी-आजोबांना आशीर्वाद दे. जे देवाघरी गेले, त्यांना चिरशांती दे. जे एकटे आहेत, त्यांच्या दाराशी आम्हांला ने. आणि आमच्यातील राखेखालचा निखारा तुझ्या आत्म्याने चेतव. आमेन.

आपले धर्मगुरू