रक्तातील आम्ल आणि मूत्रपिंडे

मूत्रपिंडे निकामी होत चाललेला रोगी कधीकधी खोल व जलद श्वास घेऊ लागतो. फुफ्फुसे तपासावीत, तर त्यांत दोष नसतो. मग दुखणे मूत्रपिंडांचे आणि धाप मात्र लागते, असे का?

याचे उत्तर रक्ताच्या सामूत आहे. निरोगी माणसाच्या रोहिणीतील रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ असतो. तो ७.४ वरून ७.१ झाला तर फरक अवघा ०.३ दिसतो; पण सामू हे लॉगरिथमचे माप असल्याने हायड्रोजन आयनांचे प्रमाण दुप्पट झालेले असते!

सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या शरीरात, मुख्यतः प्रथिनांपासून, रोज सुमारे ७० मिलिमोल आम्ल तयार होते. कार्बन डायॉक्साइडप्रमाणे ते उच्छ्वासावाटे जात नाही. रक्तातील बायकार्बोनेट त्याला तात्पुरते आवरते. पण त्यात बायकार्बोनेटचा साठा खर्च होतो. आम्ल बाहेर टाकून हा साठा भरून काढण्याचे काम मूत्रपिंडे करतात.

आता थोडे गणित करू. लघवीचा सामू फार तर ४.५ पर्यंत उतरतो. अशा एक लिटर लघवीत मोकळे हायड्रोजन आयन जेमतेम ०.०३ मिलिमोल असतात. ७० ला ०.०३ ने भागा. रोज दोन हजार लिटरांहून अधिक लघवी व्हावी लागेल! प्रत्यक्षात दीड-दोन लिटर पुरते. कारण मूत्रपिंडांतील सूक्ष्म नलिकांच्या पेशी अमोनिया तयार करतात. हा अमोनिया आणि लघवीतील फॉस्फेट हायड्रोजन आयनांना बांधून बाहेर नेतात.

रोगाने या नलिका नष्ट होत गेल्या की अमोनिया कमी पडतो व आम्ल साचते. मग मेंदूतील श्वसनकेंद्र श्वास वाढवून जादा कार्बन डायॉक्साइड बाहेर टाकते. हीच ती धाप! त्याने सामू थोडा सावरतो, पण साचलेले आम्ल तसेच राहते. ते दीर्घकाळ राहिले तर हाडांतील कॅल्शियमचे क्षारही झिजतात.

अशा रोग्याला डॉक्टर सोडियम बायकार्बोनेट, म्हणजे खाण्याचा सोडाच, मोजून देतात; मूत्रपिंडे फारच बिघडली तर डायलिसिस करावे लागते. सोड्यातील सोडियमने अपायही होऊ शकतो, म्हणून हा उपाय कोणी आपल्या मनाने करू नये.

जाता जाता एक उदाहरण सोडवा: सामू ७.४ वरून ७.० झाला, तर हायड्रोजन आयन किती पट वाढतील? लॉगरिथमचे कोष्टक हाताशी घ्या. उत्तर सुमारे अडीच पट यायला हवे.