‘हिंदी येतं की त्याला!’

या एका वाक्यानं आमच्या दाजूचा घात होता होता राहिला. अकरा वर्षं आमच्या कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या मेसचा नेपाळी आचारी. डिसेंबर २०२३ मध्ये तावडे हॉटेलच्या चौकात ट्रकनं उडवला, पाय कायमचा अधू झाला. दवाखान्याचं सांगत बसत नाही.

अपघाताच्या भरपाईच्या दाव्याचे कागद इंग्रजीत. मी पहिल्यापासून म्हणत होते, नेपाळी जाणणारा माणूस आणा. जो तो म्हणे, हिंदी येतं की त्याला! अहो, भाजीचा भाव करायचं हिंदी वेगळं आणि हक्क सोडल्याचं कलम समजायचं हिंदी वेगळं. शेवटी कुणीतरी एक दुभाषी आणून दिला. अर्ध्या दिवसाचे तीन हजार, रोख.

दाव्यातल्या समोरच्या पक्षानं तडजोडीचा कागद पुढे केला. दीड पान इंग्रजी. दुभाष्यानं वरून खाली नजर फिरवली आणि म्हणाला, “सही गर, पैसा आउँछ.” दाजूनं पेन उचललं. मला नेपाळी येत नाही, पण दीड पानाचे चार शब्द होत नाहीत एवढं कळतं. मी कागद ओढून घेतला, पुण्यात शिकणाऱ्या त्याच्या भाच्याला फोटो पाठवला. यापुढे काहीही मागणार नाही, असं त्यात लिहिलं होतं! दुभाषी उलट मलाच म्हणाला, “तुमच्या घरचा आहे का तो?” अकरा वर्षं माझ्या घरचं अन्न शिजवणारा माणूस घरचा नाही तर कोण?

मग आधीचे कागद काढले. दाजूच्या नेपाळी नागरिकतेच्या दाखल्यावर जन्म नेपाळी २०४४ सालचा, फागुन महिना. या दुभाष्यानं इसवी सन काढायला सरसकट ५७ वजा केले, फागुन अकरावा म्हणून नोव्हेंबर १९८७ लिहिला. नेपाळी वर्ष वैशाखात सुरू होतं. तो फागुन म्हणजे फेब्रुवारी १९८८. अपघाताच्या दिवशी वय ३५, कागदावर ३६. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालाप्रमाणे भरपाईचा गुणक ३१ ते ३५ वयाला १६, ३६ ते ४० ला १५. म्हणजे एका वर्षाच्या बुडीत कमाईएवढी भरपाई गेली असती. प्रतिज्ञापत्र दुरुस्त करायला कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात किती खेटे घातले, ते माझं मला माहीत.

म्हणून सांगते. दुभाषी समोरच्या पक्षाच्या ओळखीचा नको. त्यानं सांगितलेलं आपल्या माणसाकडून पुन्हा वदवून घ्या. प्रतिज्ञापत्राखाली ‘नेपाळीत वाचून समजावलं’ असं लिहून दुभाष्याची नावानिशी सही घ्या. सही म्हटल्यावर कच्चा माणूस आपोआप मागे सरतो. नातेवाईक आपल्याला समजून घ्यायला चालतो, साक्षीला त्याच्यावर हरकत येते. कोर्टात दुभाष्याला १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे शपथ घ्यावी लागते, ती घेतली का बघा.

कोल्हापुरात नेपाळीचा दुभाषी मिळाला नाही तर दार्जिलिंग-सिक्कीमकडचे वकील शोधा. नेपाळी १९९२ पासून आठव्या अनुसूचीत आहे, तिकडे ती कामकाजाची भाषा आहे. पण आपला माणूस नेपाळच्या कुठल्या जिल्ह्यातला ते आधी सांगा. पश्चिमेकडची बोली वेगळी पडते. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. घाई करू नका, दुभाष्याला दिलेल्या पैशांची पावती घ्या.

आणि कुणी ‘हिंदी येतं की त्याला’ म्हणालं, तर त्याच्यापुढे तेच दीड पान ठेवा. म्हणावं, सांगा आता हिंदीत.