सवयींचे वळण आणि बालवयातील मेंदू

मराठीत सवयीसाठी ‘वळण’ असा एक फार अर्थपूर्ण शब्द आहे. मुलांना वळण लावतात, अक्षराला वळण असते, आणि वारंवार केलेली गोष्ट अंगवळणी पडते. पाण्याची धार ज्या वाटेने एकदा वाहते, तीच वाट पुढच्या पाण्याला सुलभ होते. त्याप्रमाणे एकदा केलेली क्रिया दुसऱ्यांदा करणे सोपे जाते, असा भाव या शब्दात आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स याने १८९० साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात सवयीची उपपत्ती जवळजवळ याच पद्धतीने मांडली होती. त्या काळी हे केवळ अनुमान होते. आज मेंदूतील या वाटा उपकरणांच्या साहाय्याने प्रत्यक्ष पाहता येतात, आणि हे काम भारतातही चालते.

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, हरियाणातील गुरुग्राम जिल्ह्यात, अरवलीच्या टेकड्यांजवळ मानेसर हे गाव आहे. मोटारींच्या कारखान्यांमुळे ते प्रसिद्धीस आले. परंतु तेथेच राष्ट्रीय मस्तिष्क अनुसंधान केंद्र ही केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची संस्था आहे. तिची स्थापना १९९९ साली झाली आणि २००३ साली राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांनी ती राष्ट्रास अर्पण केली. तेथील संशोधनाचा एक विषय म्हणजे वाचन. वाचन ही मनुष्याच्या आयुष्यातील सर्वांत दूरगामी सवयींपैकी एक असल्यामुळे प्रस्तुत विषयात ते विशेष उपयुक्त आहे.

सवय कोठे साठते?

१९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन नावाच्या तरुणावर फेफऱ्याच्या विकारासाठी मेंदूची शस्त्रक्रिया करण्यात आली. त्यानंतर त्याला नव्या घटना स्मरेनात. ब्रेंडा मिल्नर या विदुषीने त्याला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरवावयास दिली. हे काम आरंभी कोणालाही अवघड वाटते. तीन दिवसांच्या सरावाने त्याचा हात स्पष्टपणे सुधारला. मात्र आपण हे काम पूर्वी केले आहे, याची त्याला प्रत्येक वेळी आठवणच नसे! यावरून असे दिसून आले की, घटनांची स्मृती आणि अंगवळणी पडलेले कौशल्य यांची मेंदूतील स्थाने भिन्न आहेत.

सवयींच्या बाबतीत मेंदूच्या खोल भागातील मज्जापेशींच्या पुंजांना विशेष महत्त्व आहे. त्यांना बेसल गँग्लिया असे म्हणतात. मॅसॅच्युसेट्स येथील अ‍ॅन ग्रेबिएल यांच्या प्रयोगशाळेने १९९९ साली उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. उंदीर वाटांच्या एका साध्या चौकटीत खाद्य शोधत असताना आरंभी या भागातील पेशी संपूर्ण धावेत कार्यरत असत. वाट पाठ झाल्यावर त्यांची हालचाल मुख्यतः धावेच्या प्रारंभी आणि शेवटी दिसू लागली. मधली सर्व क्रिया जणू एका गाठोड्यात बांधली गेली होती. पाढे पाठ असलेला विद्यार्थी ‘सात आठे’ म्हणताच ‘छप्पन्न’ म्हणतो. त्याला बेरीज करीत बसावे लागत नाही. सवयीचा खरा लाभ हाच होय. ती मनाचे कष्ट वाचविते आणि वाचलेली शक्ती अधिक कठीण कामासाठी मोकळी करते.

‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही’ ही म्हणही येथे तपासून पाहण्यासारखी आहे. याच प्रयोगशाळेने २००५ साली असे दाखविले की, खाद्य देणे बंद केल्यावर उंदरांच्या पेशींतील सवयीचा आकृतिबंध मावळतो. पण खाद्य पुन्हा ठेवताच तो त्वरेने परत येतो. तात्पर्य, जुनी वाट बुजत नाही, ती केवळ झाकली जाते. वाईट सवय मोडण्यापेक्षा आरंभीच चांगली लावणे अधिक सोपे का, याचे उत्तर येथे मिळते.

लहानपणाचे महत्त्व

बालपणी मेंदूतील पेशींमध्ये फार मोठ्या संख्येने सांधे निर्माण होतात. जे वापरात येतात ते दृढ होतात. जे वापरले जात नाहीत त्यांतील पुष्कळसे पुढे गळून पडतात. याउलट, मोहाला आवर घालणारा आणि पुढचा विचार करणारा कपाळामागील भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो. म्हणजे ज्या वयात वळण सहज लागते, त्याच वयात स्वतःचे स्वतःला वळण लावण्याची शक्ती अपुरी असते. ही उणीव घराने आणि शाळेने भरून काढावयाची असते.

मानेसरच्या केंद्रातील नंदिनी चटर्जी सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हिंदी व इंग्रजी या दोन्ही भाषा उत्तम वाचणाऱ्या प्रौढांची तुलना केली होती. काही जण दोन्ही लिपी पाचव्या वर्षाच्या सुमारास बरोबरच शिकले होते. इतरांनी हिंदी तेव्हा आणि इंग्रजी दहाव्या वर्षाच्या सुमारास आरंभिली होती. देवनागरीत अक्षरावरून उच्चार बहुधा निश्चित कळतो; इंग्रजीत तसे नाही. वाचन चालू असताना चुंबकीय पद्धतीने मेंदूचे चित्रण केले, तेव्हा बरोबरच शिकलेल्यांचा मेंदू दोन लिपींसाठी दोन वेगळ्या वाटा वापरतो असे आढळले. नंतर शिकलेल्यांच्या बाबतीत मात्र इंग्रजीही हिंदीच्याच वाटेने वाचली जात होती. पहिली सवय दुसरीला आपल्या वळणावर नेते, असा याचा अर्थ. तथापि दोन्ही गटांचे वाचन चांगले होते, हेही विसरता कामा नये. उशिरा आरंभ करणाऱ्याची वाट निराळी असते. ती बंद झालेली नसते.

आळस की अडचण?

येथे एका गंभीर प्रश्नाकडे लक्ष देणे अवश्य आहे. एखादे बुद्धिमान मूल वाचावयास बसत नाही, पुस्तक दिसताच टाळाटाळ करते, अक्षरे अडखळत लावते. ‘याला अभ्यासाची सवयच नाही,’ असे म्हणून वडीलमंडळी त्याला बोल लावतात. परंतु काही मुलांना वाचनवैकल्य, म्हणजे डिस्लेक्सिया, असतो. त्यांच्या बाबतीत अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालण्याचे कामच कष्टाचे होते. केवळ शिस्त वाढवून ही अडचण दूर होत नाही. उलट अक्षर म्हणजे अपमान, अशी दुसरीच सवय मनात रुजते.

पूर्वी अशा मुलांची पारख बहुधा इंग्रजी चाचण्यांवरून होत असे, आणि ज्याची शाळेची भाषा मराठी आहे अशा मुलाला ती न्याय देऊ शकत नसे. म्हणून मानेसरच्या केंद्राने भारतीय भाषांसाठी ‘दाली’ नावाची चाचणीमालिका विकसित केली. ती हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या भाषांत तयार झाली. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यानेही विशिष्ट अध्ययन अक्षमतेला मान्यता दिली आहे. तेव्हा सवय लागत नाही असे दिसताच प्रथम कारण शोधावे, दोष मागाहून द्यावा.

यशाशी संबंध किती?

न्यूझीलंडमधील डनेडिन येथे १९७२–७३ साली जन्मलेल्या १,०३७ मुलांचा आयुष्यभर अभ्यास करण्यात येत आहे. २०११ साली त्यातून असे निष्पन्न झाले की, बालपणी आत्मसंयम अधिक असलेल्यांची ३२ व्या वर्षीची प्रकृती आणि आर्थिक स्थिती सामान्यतः अधिक चांगली होती. बुद्धिमत्ता व कुटुंबाची परिस्थिती जमेस धरूनही हा संबंध टिकला. वाढत्या वयात ज्यांचा संयम सुधारला, त्यांची स्थितीही अपेक्षेपेक्षा बरी आढळली.

परंतु संयम हा केवळ मुलाचा गुण नव्हे. अमेरिकेत २०१३ साली २८ बालकांवरील एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात काही मुलांना मोठ्या माणसाने दिलेला शब्द पाळलेला दिसला, काहींना मोडलेला. नंतर ‘थांबशील तर दुप्पट खाऊ मिळेल’ असे सांगितले असता पहिल्या गटाची मुले सरासरीने सुमारे बारा मिनिटे थांबली. दुसऱ्या गटाची सुमारे तीन मिनिटेच. ज्या घरी शब्द पाळला जातो, तेथे धीर धरणे मुलाला शहाणपणाचे वाटते.

साधनांचाही विचार हवा. कराचीतील वस्त्यांमध्ये झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात कुटुंबांना साबण पुरविण्यात आला व घरोघरी जाऊन हात धुण्याची सवय लावण्यात आली. तेथे पाच वर्षांखालील मुलांतील न्यूमोनियाचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले. केवळ उपदेशावर तेथे विसंबले नव्हते; साबण हाताशी होता, आणि भेटी देणारे वारंवार येत होते.

सवय कशी लावावी?

लंडन येथील एका अभ्यासात ९६ जणांनी रोज एक नवी साधी गोष्ट करण्याचा नियम बारा आठवडे पाळला. २०१० साली छापील स्वरूपात आलेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, क्रिया आपोआप घडू लागण्यास मध्यम प्रमाणाने ६६ दिवस लागले; व्यक्तिपरत्वे गणिताने काढलेला हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही. एकवीस दिवसांत सवय लागते, या प्रचलित समजुतीला यातून आधार मिळत नाही.

या सर्वांवरून पालक, शिक्षक आणि विद्यार्थी यांना पुढील गोष्टी ध्यानात ठेवता येतील.

१. नवी सवय एखाद्या ठरलेल्या प्रसंगाशी जोडावी. ‘रोज वाचीन’ यापेक्षा ‘रात्रीचे जेवण झाल्यावर दोन पाने वाचीन’ हा निश्चय अधिक टिकतो.

२. आरंभ लहान असावा. थेंबे थेंबे तळे साचे, हे येथे अक्षरशः खरे आहे.

३. निजण्याची वेळ सांभाळावी. शिकलेले मेंदूत स्थिर होण्याचे बरेचसे काम झोपेत होते. कुमारवयीन मुलांना आठ ते दहा तास झोप आवश्यक असते.

४. खंड पडल्यास पश्चात्तापात वेळ न दवडता दुसऱ्या दिवशी पुन्हा आरंभ करावा.

५. मोठ्यांनी स्वतःचा शब्द पाळावा आणि साधने हाताशी ठेवावीत. घरात पुस्तक नसेल, तर वाचनाचा उपदेश व्यर्थ होय.

कुंभार चाक फिरत असतानाच मातीला आकार देतो. परंतु त्याआधी तो माती कोणत्या जातीची आहे, हे हाताने पारखतो. मुलांना वळण लावणाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी केल्या पाहिजेत.