हाड जोडते कोण?

मराठी भाषेने हाडाला मोठा मान दिला आहे. पगारापुरते न शिकविणारा तो 'हाडाचा शिक्षक', मातीवाचून ज्याला करमत नाही तो 'हाडाचा शेतकरी'. पिढ्यान्‌पिढ्या न मिटणारे वैर ते 'हाडवैर' आणि न सुटणारी सवय ती 'हाडीमाशी खिळलेली'. या सर्व शब्दप्रयोगांच्या मुळाशी एकच समजूत आहे. देहात बाकी काहीही बदलो, हाड बदलत नाही. ते घराच्या वाशासारखे आहे. आणि वासा मोडला की तो कोणीतरी जोडावा लागतो! मोडलेला हात घेऊन कोठे जावयाचे, हे ठरविताना हीच समजूत आपल्या मनात नकळत काम करीत असते. कलाशाखेच्या विद्यार्थ्याने वैद्यकावर लिहावे हा काहींना आगाऊपणा वाटेल. परंतु या समजुतीची किंमत कित्येकांना आपल्या हातापायांनी चुकवावी लागते, म्हणून हा प्रपंच.

वास्तविक हाड हा शरीराचा अत्यंत जिवंत भाग आहे. त्याच्या घटनेत दोन द्रव्ये मुख्य. एक चुन्याच्या जातीचे क्षार, ज्यांच्यामुळे ते कठीण होते. आणि दुसरे कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे तंतू, ज्यांच्यामुळे ते चिवट राहते. कोंबडीचे हाड काही दिवस व्हिनेगारमध्ये बुडवून ठेवावे; क्षार विरघळून जातात आणि हाड रबरासारखे वाकते. उलट तेच हाड विस्तवात जाळले तर तंतू नष्ट होतात, आकार कायम राहतो, पण बोटाने दाबताच त्याचा भुगा होतो. घरच्या घरी करता येण्याजोगा याहून बोलका प्रयोग माझ्या वाचनात नाही. या हाडातून रक्तवाहिन्या फिरतात. त्यात जुने हाड खाऊन टाकणाऱ्या पेशी आहेत, तशाच नवे हाड रचणाऱ्याही आहेत, आणि त्यांचे काम जन्मभर थांबत नाही. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दरवर्षी नवा होतो असे शास्त्रज्ञ मानतात. तेव्हा 'हाडाचा शिक्षक' याचा शास्त्रशुद्ध अर्थ दर वर्षाला थोडा थोडा नवा होणारा शिक्षक असा करावा लागेल! आमच्या प्राध्यापकांनी याचा राग मानू नये.

आता हाड मोडते तेव्हा काय होते ते पाहू. मोडलेल्या जागी रक्त साकळते. हे साकळलेले रक्त म्हणजे घाण नव्हे. पुढील सर्व बांधकामाचा पाया तेच असते. काही दिवसांत तेथे नव्या रक्तवाहिन्या शिरतात, आणि दोन-तीन आठवड्यांत दोन्ही टोकांना धरून ठेवणारी मऊ, कूर्चेसारखी गाठ तयार होते. डॉक्टर तिला कॅलस म्हणतात. पुढे तिच्यात क्षार साठून ती कठीण होते. मोठ्या माणसात याला सहा ते बारा आठवडे, मांडीच्या हाडाला त्याहूनही अधिक लागतात. त्यानंतर महिनेच्या महिने ती गाठ तासली जाते व ज्या दिशेने भार पडतो त्या दिशेने हाड भक्कम होत जाते. हा नियम जर्मन शस्त्रवैद्य वोल्फ याने १८९२ साली मांडला. त्वचेची जखम भरली की वण राहतो; हाड मात्र वण न ठेवता हाडानेच भरून येते. लहान मुलांत तर हे इतक्या वेगाने होते की थोडे वाकडे जुळलेले हाडही पुष्कळदा वाढीबरोबर सरळ होते.

म्हणजे हाड जोडते ते शरीर. डॉक्टर जोडीत नाही, आणि हाडवैद्यही जोडीत नाही. तुकडे जागेवर आणणे, ते जुळेपर्यंत तसेच धरून ठेवणे, आणि हे करताना रक्ताची वाट न अडविणे, एवढेच माणसाच्या हाती आहे.

हे एकदा ध्यानात आले की हाडवैद्याच्या कीर्तीचे कोडे उलगडते. बरगडी, गळपट्टीचे हाड, मुलाच्या हाताचे ओल्या फांदीसारखे अर्धवट मोडलेले हाड ही कोणीही बांधली तरी बहुधा जुळतात, आणि श्रेय बांधणाऱ्याला मिळते. शिवाय तो गावातला, ओळखीचा; पैसे थोडे घेतो आणि 'ऑपरेशन' हा शब्द उच्चारीत नाही. त्याला सरसकट भोंदू म्हणणे मला योग्य वाटत नाही. आधुनिक अस्थिशल्याचा एक आद्य पुरुष, लिव्हरपूलचा ह्यू ओवेन थॉमस, हा वेल्समधील अँगलसी बेटावरच्या हाडवैद्यांच्याच घराण्यातला. त्याच्या वडिलांजवळ पदवी नव्हती, त्यामुळे त्यांना कोर्टकचेऱ्या सोसाव्या लागल्या. म्हणून त्यांनी आपल्या पाचही मुलांना रीतसर डॉक्टर केले. घराण्याचा हात आणि विद्यापीठाचे ज्ञान एकत्र आले की काय घडते, ते पुढे येईलच.

आपल्याकडे तर या विद्येला फार जुनी शास्त्रीय बैठक आहे. सुश्रुतसंहितेत मोडलेल्या हाडाचे बारा आणि निखळलेल्या सांध्याचे सहा प्रकार दिले आहेत. नावेही चित्रमय आहेत: घोड्याच्या कानासारखे टोक वर आलेला तो अश्वकर्ण, भुगा झालेला तो चूर्णित, न तुटता वाकलेला तो वक्र. कूर्चा वाकते, नळीसारखी हाडे मोडतात, कवटीसारखी चपटी हाडे फुटतात, हे निरीक्षणही तेथे आहे. उपचार चार: ओढणे, दाबणे, जागेवर बसविणे आणि बांधणे. आजच्या इस्पितळातही क्रम हाच आहे! बांधण्यासाठी वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या साली व बांबूच्या कांबी सांगितल्या आहेत. मांडी किंवा नडगी मोडल्यास रोग्याला फळीवर निजवून पाच खुंट्यांच्या आधाराने पाय स्थिर करावयास सांगितले आहे. तरुणपणी एक महिना, मध्यम वयात त्याच्या दुप्पट आणि उतारवयात तिप्पट, असा जुळण्याचा काळही दिला आहे.

परंतु मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते सुश्रुताने बंधनाविषयी केलेले विवेचन. पट्टी सैल बांधली तर सांधा स्थिर होत नाही. घट्ट बांधली तर सूज येते, वेदना होतात आणि भाग पिकतो. म्हणून पट्टी थंड ऋतूत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधावी. परंपरेचा अभिमान सांगणाऱ्या कित्येकांना परंपरेतील नेमके हेच कलम ठाऊक नसते.

यातला धोका किती खरा आहे ते पाहा. पाच-सात वर्षांचे मूल झाडावरून वा जिन्यावरून पडते आणि कोपराच्या किंचित वर दंडाचे हाड मोडते. मुलांत ही इजा फार आढळते. या जागी मुख्य धमनी हाडाला अगदी लगटून जाते. हात सुजू लागतो. त्यातच त्यावर कांबी घालून करकचून पट्टी बांधली जाते. सुजेला बाहेर जागा नाही, म्हणून दाब आत वाढतो आणि स्नायूंचे रक्त तुटते. मूल रात्रभर रडते, घरचे म्हणतात, 'हाड मोडलंय, दुखणारच!' स्नायू रक्तावाचून चार-सहा तासच तग धरतात. त्यानंतर ते मरतात, आक्रसतात, आणि हाताची बोटे पंजासारखी आत वळून जन्माची वाकडी होतात. हाड मात्र सुरेख जुळलेले असते! जर्मन शस्त्रवैद्य फोल्कमान याने १८८१ साली या विकृतीचे कारण घट्ट बंधनामुळे तुटलेला रक्तपुरवठा हे असल्याचे सांगितले. डॉक्टरने घातलेल्या प्लास्टरखालीही हे घडू शकते, हे मुद्दाम नमूद करतो.

म्हणून पहिल्या रात्री हाडाकडे नव्हे, बोटांकडे पाहावे. वेदना कमी होण्याऐवजी वाढत चालल्या, बोटे हळूच सरळ केली असता मूल किंचाळू लागले, बोटे बधिर, गार, फिकट किंवा निळसर दिसू लागली, तर सकाळची वाट पाहू नये. पट्टी ताबडतोब सोडावी. प्लास्टर असल्यास त्याच घटकेला इस्पितळ गाठून ते कापून घ्यावे. मनगटाची नाडी लागते म्हणून निश्चिंत राहणेही बरोबर नाही. नाडी चालू असतानाही आतले स्नायू मरत असू शकतात. अंगठी, बांगड्या, गंडेदोरे मात्र सूज चढण्यापूर्वीच काढून टाकावेत. आणि कोपराला तेल चोळून मालीश करण्याची जी चाल आहे ती तर सर्वथा टाळावी; चोळल्याने स्नायूतच हाड धरते आणि कोपर कायमचे आखडते.

निदानाविषयी थोडे. वेदना, सूज, आकारातील बदल आणि तो अवयव वापरता न येणे ही लक्षणे सर्वांना परिचित आहेत. डब्लिनच्या ॲब्राहम कॉलिस याने १८१४ साली केवळ हाताने तपासून मनगटाजवळील अस्थिभंगाचे असे वर्णन केले की तो आजही त्याच्या नावाने ओळखला जातो. त्यात मनगट जेवणाच्या काट्यासारखे वाकलेले दिसते. पुढे ८ नोव्हेंबर १८९५ रोजी राँटजेनला वुर्झबुर्ग येथे क्ष-किरणांचा शोध लागला आणि महिना-दीड महिन्यात त्याने पत्नीच्या हाताच्या हाडांचे छायाचित्र घेतले. आपल्याकडे लोक सरळ 'फोटो काढला' म्हणतात, ते चुकीचे नाही. मात्र फोटोही फसवितो. हातावर पडल्यानंतर अंगठ्याच्या मुळाशी मनगटात दुखत असेल, तर तेथील होडीच्या आकाराच्या छोट्या हाडाला गेलेली चीर पहिल्या फोटोत कित्येकदा दिसत नाही. दहा-चौदा दिवसांनी पुन्हा काढलेल्या फोटोत दिसते. या हाडाला रक्त एकाच बाजूने मिळते, त्यामुळे दुर्लक्ष झाल्यास त्याचा तुकडा मरतो. येथेही प्रश्न शेवटी रक्ताचाच!

धरून ठेवण्याच्या साधनांचा इतिहास मोठा आहे. दोन-तीन टप्पेच सांगतो. १८५२ साली मॅथायसन या डच लष्करी डॉक्टरने प्लास्टर भरलेल्या पट्ट्यांची पद्धत प्रसिद्ध केली. भाजलेल्या जिप्समची ही पूड पाण्याशी मिळून घट्ट होताना गरम होते. रोगी घाबरतो तो यामुळे. वर उल्लेखिलेल्या थॉमसने पाय ताणून धरणारी लोखंडी सळईची चौकट बनविली. तो १८९१ मध्ये वारला. पुढे पहिल्या महायुद्धात त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स याने ती चौकट आघाडीवर पोचविली, आणि मांडी फुटलेल्या सैनिकांच्या मृत्यूंचे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास होते ते २० टक्क्यांच्या खाली आले, असे त्या काळच्या नोंदी सांगतात. १९३९ साली जर्मनीत कील येथे कुंट्शरने मांडीच्या हाडाच्या पोकळीतच पोलादी सळई घातली. युद्धकैदी मायदेशी परतले तेव्हा त्यांच्या फोटोत मांडीतली सळई पाहून दोस्त राष्ट्रांचे डॉक्टर चकित झाले. महिनोन्‌महिने वजने लटकावून पडून राहणारा रोगी आता काही दिवसांत चालू लागला. 'रॉड घातला' असे आपण म्हणतो तो हाच.

थॉमसचा भर सक्तीच्या, अखंड व दीर्घ विश्रांतीवर होता. आज तेवढ्यापुरते त्याला मागे टाकले गेले आहे, आणि त्याचे कारण घरोघरी दिसते. आजी न्हाणीघरात घसरते आणि खुब्याचे हाड मोडते. उतारवयात, विशेषतः पाळी थांबल्यानंतर स्त्रियांची हाडे विरळ झालेली असतात, त्यामुळे उभ्याउभ्या पडणेही पुरे होते. 'या वयात कशाला ऑपरेशन? पडून राहू दे' असे घरातली मोठी माणसे मायेने म्हणतात. परंतु या वयात अंथरूण हाच मोठा शत्रू असतो. पाठीला जखमा होतात, छातीत कफ साचून न्यूमोनिया होतो, पायाच्या शिरांत रक्त गोठते. म्हणून शक्य तर एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया करून दुसऱ्याच दिवशी तिला आधाराने उभी करतात. उभी राहताना ती कण्हते, आणि नातेवाईक डॉक्टरवर रागावतात.

प्लास्टर निघाल्यावरही असेच होते. हात बारीक झालेला, कातडी सुरकुतलेली, सांधा आखडलेला. 'हाड नीट जुळले नाही' अशी शंका घेऊन कित्येक जण तडक मालीशवाल्याकडे जातात. वास्तविक तो ताठरपणा हाडाचा नसून न वापरलेल्या स्नायूंचा व सांध्याचा असतो, आणि रोज थोडा थोडा स्वतःच्या जोराने हात हलवून काही आठवड्यांत तो सुटतो.