इंजिन बदलण्याआधी

कोल्हापूर

चि. निनाद यास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि गाडीचे फोटो मिळाले. 1974 ची प्रीमियर पद्मिनी तू दारात आणून उभी केलीस आणि ती कुणा गॅरेजवाल्याच्या हवाली न करता स्वतः उघडायची म्हणतोस, याचा मला फार आनंद झाला. पण शेवटी लिहिलंयस की नाना पेठेत 118 एनईचं इंजिन पाहून ठेवलं आहे, रविवारी विसार देऊन टाकतो. तेवढ्यासाठी हे पत्र तातडीने लिहितो आहे. विसार देऊ नकोस. गाडीत नेमकं काय बिघडलंय हे अजून तुला माहीत नाही, आणि दुखणं कळण्याआधी औषध आणून ठेवण्यात शहाणपणा नाही.

पहिलं काम पाना हातात घेण्याआधीचं आहे. आरसी बुक काढ. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने ब्लॉकवरचा मळ पूस, इंजिन नंबर वर येईल. चेसिस नंबरही तसाच साफ करून घे. दोन्ही नंबर आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून बघ. पन्नास वर्षांच्या गाडीत मधल्या एखाद्या मालकाने इंजिन बदललेलं असणं सहज शक्य आहे. तसं निघालं आणि त्याची नोंद नसली, तर आधीच्या मालकाकडून जुनी बिलं आणि कागद मिळवण्याच्या मागे लाग. तो निस्तार झाल्याखेरीज गाडीवर पैसा घालू नकोस.

कायद्याची बाजूही आताच समजून घे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे, कारखान्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. सुप्रीम कोर्टाने 2019 मध्ये हीच भूमिका स्पष्ट शब्दांत मांडली. 118 एनईचं इंजिनही प्रीमियरच्याच गाडीतलं, मग अडचण काय, असं तू म्हणशील. अडचण अशी की कारखान्याने ते तुझ्या गाडीसाठी दिलेलं नाही. नोंद न करता तसली गाडी रस्त्यावर काढलीस आणि उद्या अपघात झाला, तर विमा कंपनी नंबर तपासायला येईल. त्या वेळी तुझ्याकडे उत्तर नसेल.

याहून मोठी गोष्ट तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली, धंद्यासाठी न वापरलेली गाडी त्यात बसते. नोंदणीची फी वीस हजार, मुदत दहा वर्षं, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात. अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, देखभाल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला चालत नाही. तुझी गाडी 1974 ची, म्हणजे ती या वयात नुकतीच आली आहे. परकं इंजिन बसवलंस की हा दरवाजा तू स्वतःच्या हाताने बंद करशील. व्हिंटेज नोंदणी तुला आज नको असेल, पण दहा वर्षांनी हवीशी वाटेल. तो पर्याय राखून ठेव.

आणि मूळ इंजिन काही टाकाऊ नाही रे. वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज आणि प्लिमथ जुळल्या, मग फियाटशी करार झाला आणि 1100 आली. तीच पुढे पद्मिनी. इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं, 68 मिलिमीटर बोअर आणि 75 मिलिमीटर स्ट्रोकचं. ताकद चाळीस हॉर्सपॉवरच्या आसपास. आजच्या मानाने कमी, हे खरं. पण मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी याच गाडीवर पोसली गेली. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2003 मध्ये ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. इतकी वर्षं ही गाडी टॅक्सीवाल्यांना परवडली, कारण तिचं इंजिन पुन्हा पुन्हा बांधता येतं आणि साध्या हत्यारांनी उघडता येतं. घरी शिकायला याहून चांगलं इंजिन तुला मिळणार नाही.

आता गाडीकडे वळू. सुरुवात पत्र्यापासून कर. पद्मिनीला वेगळी चेसिस नाही. खालचा पत्रा, दारांखालच्या पट्ट्या आणि बॉडी मिळूनच सगळा भार पेलतात. आतलं रबरी मॅटिंग उचल आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने फरशीवर, पट्ट्यांवर, मागच्या पाट्यांच्या टेकूंवर वीत-वीत अंतराने ठोकत जा. शाबूत पत्रा ठणठणीत वाजतो. सडलेला पत्रा बद्द आवाज देतो, आणि तिथे टोक दाबलं की ते आत घुसतं. अशी प्रत्येक जागा खडूने आखून ठेव. पुट्टी भरून वरून रंग मारलेल्या जागा लोहचुंबकाने कळतात. पुट्टी जाड असली की चुंबक धरत नाही. सडका भाग कापून नवा पत्रा वेल्ड करून घे. दारांखालची पट्टी कापायची असेल तर आधी बॉडीला खालून टेकू दे आणि दार नीट बसतं का ते मधे मधे पाहत जा. पेट्रोलच्या टाकीला मात्र घरी वेल्डिंग लावायचं नाही. रिकाम्या टाकीत वाफ उरते आणि तिचा स्फोट होतो.

त्यानंतर ब्रेक. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. बंद पडून राहिलेल्या गाडीत मास्टर सिलिंडर आणि चाकांतले सिलिंडर आतून गंजतात, रबरी वायसर आणि कप फुगतात. हे सगळं नवं घाल, रबरी पाइपसुद्धा. लोखंडी नळ्या गंजल्या असतील तर त्याही बदल. ड्रममधली जुनी धूळ हवा मारून उडवू नकोस. जुन्या लायनरात ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसून ते फडकं टाकून दे. थांबता येत नसलेल्या गाडीत जोरकस इंजिन घालायचा विचारही मनात आणू नकोस. ब्रेक, स्टिअरिंग, पाटे आणि टायर हे सगळं धड होईपर्यंत इंजिनवर एक रुपया घालू नकोस.

मग इंजिन. तू लिहितोस की ते जाम आहे. स्टार्टर मारून किंवा गाडी ढकलून ते सोडवायला जाऊ नकोस. अडकलेली रिंग तुटली तर बोअरवर चरे पडतील. चारही प्लग काढ, प्रत्येक भोकात थोडं डिझेल आणि ऑइल एकत्र करून ओत, आणि दोन-चार दिवस तसंच राहू दे. मग क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावून हाताने, अगदी बेताने, पुढे-मागे हलवून बघ. फिरायला लागलं की जुनं ऑइल काढून नवं भर आणि कॉम्प्रेशन तपास. चारही प्लग काढलेले, कॉइलची वायर सोडलेली आणि थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, गेजचा काटा स्थिर होईपर्यंत स्टार्टर फिरव. चारही आकडे लिहून घे. मग कमी भरलेल्या सिलिंडरात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोज. आकडा चढला तर रिंगा आणि बोअर झिजलेत. चढला नाही तर व्हॉल्व्ह बसत नाहीत. शेजारचे दोन सिलिंडर दोन्ही कमी असतील तर हेड गॅसकीट उडालेलं असण्याचा संभव मोठा. चारांत दहा टक्क्यांच्या आतला फरक असेल, तर हे इंजिन फार खोलावंही लागणार नाही.

खोलावं लागलंच तर बोअरचं माप वर, मधे आणि खाली, आडवं-उभं घ्यायला लाव. झीज गोलाईत आहे की उतारात, ते त्यावरून कळतं. ओव्हरसाइझ पिस्टन आधी विकत घे आणि ते पिस्टन घेऊनच बोअरिंगला जा. पिस्टन हातात नसताना बोअर करून ठेवणारा टर्नर कितीही स्वस्त पडला तरी त्याच्याकडे जाऊ नकोस. हेड ॲल्युमिनियमचं आहे. ते वाकलंय का, हे सरळ पट्टी ठेवून बघ. बसवताना बोल्ट मधून बाहेरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने आणि टॉर्क पान्यानेच आवळ.

पेट्रोलचाही विचार कर. देशात 2000 पासून शिसेविरहित पेट्रोलच मिळतं, आणि आता त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा इथेनॉलने खराब होतो, आणि इथेनॉल पाणी ओढून घेत असल्याने टाकी आतून गंजते. इथेनॉल चालणाऱ्या नव्या नळ्या घाल, पंपाचं रबर बदल, आणि हेडचं काम निघालंच तर, पेट्रोलात आता शिसं नसल्याने, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटा कठीण धातूच्या बसवून घे.

एवढं करूनही 118 एनईचं इंजिनच हवं असं मन म्हणत असेल, तर त्याचा हिशोबही नीट कर. ते निस्सानच्या ए-12 घराण्यातलं, 1171 सीसीचं, बावन्न हॉर्सपॉवरचं, आणि मागच्या चाकांना ताकद देण्यासाठीच उभं बसवलेलं असतं. म्हणून लोकांना ते सोपं वाटतं. मारुती 800 सारखं पुढची चाकं फिरवणारं, आडवं बसणारं इंजिन यात चालणारच नाही. त्याचा गिअरबॉक्स आणि डिफरन्शिअल एकत्रच असतात. पण इंजिन बॉनेटखाली मावलं म्हणजे बसलं असं होत नाही. ऑइलचा सम्प खालच्या आडव्या बीमला लागतो का, फॅन रेडिएटरला घासतो का, सायलेन्सरची नळी स्टिअरिंगपासून मोकळी राहते का, गिअरबॉक्सची शेपटी कुठे येते आणि प्रॉपेलर शाफ्ट किती लांबीचा लागतो, ही मापं कागदावर हवीत. शाफ्ट कापून जोडला तर त्याचं बॅलन्सिंग करावं लागतं, नाहीतर गाडी थरथरते. तुझा गिअर स्टिअरिंगवरचा; नव्या गिअरबॉक्सचा दांडा खाली येणार असेल तर बोगद्याचा पत्रा कापावा लागेल. क्लचची जोडणी, स्पीडोमीटरची केबल, माउंटिंग, रेडिएटरची ताकद, हे सगळं पुन्हा बसवावं लागेल. इतका खटाटोप करून बारा हॉर्सपॉवर वाढतील, आणि कागदावर गाडी कुणाचीच राहणार नाही.

माझा सल्ला असा. तुझा ब्लॉक दुरुस्तीपलीकडे गेलेला निघाला, तडकलेला किंवा बोअरला जागाच न उरलेला, तर याच 1089 सीसीचं दुसरं इंजिन घे. भंगारात निघालेल्या पद्मिनींची इंजिनं अजून मिळतात. घेताना नंबर, बिल आणि ते ज्या गाडीतून निघालं तिचे कागद माग. बसवण्याआधी आरटीओची परवानगी घे आणि नवा नंबर आरसीवर चढवून घे. स्वतःचा जुना ब्लॉक मात्र विकू नकोस. ऑइल लावून, पोत्यात गुंडाळून घरात ठेव.

इंजिन घरीच उतरवणार असशील तर दोन माणसं सोबत हवीतच. बॅटरी सोड, पाणी आणि ऑइल काढ, बॉनेट आणि रेडिएटर बाहेर घे, गिअरबॉक्सचंही ऑइल आधी काढ. प्रत्येक वायरला चिठ्ठी लाव, प्रत्येक जागचे नट-बोल्ट वेगळ्या पिशवीत ठेवून वर नाव लिही, आणि सुटं करण्याआधी फोटो काढ. चेनपुली स्लॅबमधल्या पंख्याच्या हुकाला अडकवायची नाही. ते वजन शंभर किलोच्या वर असतं. चार पायांची भक्कम लोखंडी घोडी भाड्याने आण. लोंबकळत्या इंजिनाखाली हात घालू नकोस, आणि नुसत्या जॅकवर किंवा विटांवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नकोस. बसवताना क्लच प्लेट डमी शाफ्टने मधोमध आण. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळत नसतील तर बोल्ट आवळून ओढायचे नाहीत. थांबायचं, पुन्हा बाहेर घ्यायचं आणि पुन्हा जुळवायचं. आणि दार बंद करून आत इंजिन चालू ठेवू नकोस. सायलेन्सरमधला विषारी वायू वासाने कळत नाही.

तुझ्या वयाच्या मुलांनी ही कामं शिकायला हवीत, असं मला फार वाटतं. पद्मिनी बांधणारे जुने हात कमी होत चाललेत आणि त्यांचं ज्ञान कुठल्या पुस्तकात नीट लिहिलेलं नाही. इथे शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंग करणारे कसलेले कारागीर अजून आहेत. कॉम्प्रेशनचे चार आकडे मला कळव. ब्लॉक उघडायची वेळ आली तर तो टेम्पोत घालून कोल्हापूरला घेऊन ये. आपण दोघं मिळून माप घेऊ आणि मगच काय ते ठरवू. तोवर रविवारचा विसार थांबव, आणि त्याच पैशांत ब्रेकचे सिलिंडर घे.

ताईला आणि भाऊजींना नमस्कार सांग. कळावे.

तुझा,
मामा