पिवळ्या सर्पांची तपकिरी पिल्ले

मध्य व दक्षिण अमेरिकेतील बोआ हा आपल्या अजगराप्रमाणेच बिनविषारी आणि भक्ष्यास विळखा घालून मारणारा सर्प होय. अजगराची मादी अंडी घालते; बोआची मादी मात्र जिवंत पिल्लांना जन्म देते. अमेरिकेत व युरोपात हौशी लोक हा सर्प घरी पाळतात, आणि त्यातही अंगावरील काळपट छटा नाहीशी होऊन पिवळा-नारिंगी झालेला जो विवर्ण प्रकार, त्याला विशेष मोल देतात. समजा, अशा एका हौशी गृहस्थाने एका ठिकाणाहून विवर्ण नर व दुसऱ्या ठिकाणाहून विवर्ण मादी आणली, आणि झालेली वीसही पिल्ले तपकिरी निघाली! विक्रेत्याने आपणांस फसविले, असेच त्याला वाटेल. वास्तविक येथे कोणीही कोणाला फसविलेले नसते.

विवर्ण प्राणी म्हणजे पांढराच, अशी आपली समजूत असते. ससे व उंदीर यांच्यापुरती ती खरी आहे. कारण त्यांच्या केसांचा सारा रंग मेलॅनिन या रंजकद्रव्याचा. सर्पाच्या कातडीत मात्र मेलॅनिनच्या पेशींखेरीज पिवळ्या व तांबड्या रंगांच्या पेशी निराळ्या असतात. मेलॅनिन गेले तरी त्या शाबूत राहतात. म्हणून विवर्ण बोआ पिवळा, नारिंगी, शेपटीकडे लालसर दिसतो, आणि त्याचे डोळे तांबडे असतात. अरण्यात असे पिल्लू शत्रूच्या नजरेस चटकन पडते. ते वाढून मोठे होणे कठीणच.

हा गुण पुढील पिढीत कसा उतरतो, याची किल्ली ग्रेगोर मेंडेल याने 1866 साली प्रसिद्ध केलेल्या वाटाण्यावरील निबंधात आहे. प्रत्येक गुणाचे जनुक जोडीने असते. एक आईकडून येते, एक बापाकडून. जोडीतील एक जरी चांगले असले तरी मेलॅनिन तयार होते. दोन्ही सदोष असतील तरच सर्प विवर्ण. एक चांगले व एक सदोष जनुक असलेला सर्प दिसावयास साधा, पण दोषाचा वाहक असतो. दोन वाहकांची जोडी जमविली तर सरासरीने चारांत एक पिल्लू विवर्ण होते.

आता मूळ कोड्याकडे वळू. मेलॅनिन एकदम तयार होत नाही. त्याला अनेक पायऱ्या ओलांडाव्या लागतात. शेताला पाणी नेणारा पाट नदीजवळ फुटला काय किंवा बांधाजवळ फुटला काय, शेत कोरडेच. बोआचे ‘काह्ल’ व ‘शार्प’ हे दोन प्रसिद्ध विवर्ण वंश, ते वाढविणाऱ्या सर्पपालकांच्या आडनावांनी ओळखले जातात, असेच आहेत. दोहोंतील दोष वेगवेगळ्या जनुकांत आहे. त्यांच्या पिल्लाला प्रत्येक ठिकाणचे एक चांगले जनुक दुसऱ्या जन्मदात्याकडून मिळते, आणि पाट पुन्हा वाहू लागतो! इंग्लंडात बेटसन व पनेट यांनाही विसाव्या शतकाच्या आरंभी दोन पांढऱ्या ‘स्वीट पी’ फुलझाडांच्या संकरातून जांभळी फुले मिळाली होती. त्या जांभळ्या झाडांच्या पुढील पिढीत जांभळी व पांढरी यांचे प्रमाण 9 ला 7 पडले.

कागदावर हे गणित सोपे. सर्पांच्या बाबतीत ते फार सावकाश सुटते. मादी वयात येण्यास तीन-चार वर्षे, आणि गर्भ वाढण्यास सुमारे चार महिने. घाई करणारे लोक मग बापाशी मुलीची किंवा भावाशी बहिणीची जोडी लावतात. त्यामुळे वाहक लवकर हाती येतात हे खरे. परंतु अशा जवळच्या संकरात इतर लपलेले दोषही एकत्र येतात. काह्ल वंशात काही पिल्ले एका डोळ्याविना, काही दोन्ही डोळ्यांविना जन्मलेली आहेत. केवळ रंगाच्या हौसेपायी हे व्हावे, हे मला तरी योग्य वाटत नाही.

बाजारातील व्यवहारही या गणितावरच चालतो. दोन वाहकांच्या साध्या दिसणाऱ्या पिल्लांपैकी सरासरीने तिघांत दोन वाहक असतात. म्हणून ती ‘66 टक्के’ या नावाने विकली जातात. कोणते पिल्लू वाहक हे डोळ्यांना दिसत नाही. विकत घेणाराने विक्रेत्याच्या वंशावळीच्या वहीवर विश्वास ठेवावयाचा, पिल्लू तीन-चार वर्षे पोसावयाचे, त्याची जोडी विवर्ण सर्पाशी लावावयाची, आणि त्या वेतात एखादे पिवळे पिल्लू निघते का, हे पाहावयाचे. मात्र तो विवर्ण सर्प त्याच वंशाचा असावयास हवा.